गोळ्यांची विषबाधा: घरच्या दारापासून आयसीयूच्या बाहेर येईपर्यंत काय काय होतं

आयसीयूच्या दाराशी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "डॉक्टर, याच्यावर उतारा असेल ना काहीतरी?" आणि खरं सांगायचं तर बहुतेक गोळ्यांना उतारा नसतो. जिथे असतो तिथेही तो एकटा माणसाला वाचवत नाही. श्वास चालू ठेवणं, बीपी धरून ठेवणं, शुगर दर तासाला बघत बसणं आणि औषध अंगातून आपोआप बाहेर पडेपर्यंत दम धरणं, याने माणूस वाचतो. बाहेर बसलेल्यांना वाटतं आत काहीच करत नाहीयेत, नुसते मॉनिटरकडे बघतायत. अहो, तेच तर करायचं असतं.

मी जिल्ह्याच्या गावात आयसीयू बघतो. हे लिहितोय ते दोघांसाठी. एक म्हणजे बाहेर बाकड्यावर रात्र काढणारे नातेवाईक, आणि दुसरा म्हणजे रात्रपाळीला एकटाच असलेला नवा आरएमओ म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, ज्याच्यासमोर दोन वाजता असा पेशंट येतो आणि सिनियरचा फोन लागत नाही. कुठल्या गोळ्या किती घेतल्या की धोका हे आकडे मी मुद्दाम कुठेच देणार नाहीये, नातेवाईकाला ते लागत नाहीत आणि डॉक्टरकडे असतातच. आणि वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच डोक्यात सध्या नको ते विचार चालू असतील तर पुढचं वाचू नका, आधी १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलतात.

घरातून निघताना

१०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि दारात रिक्षा उभी असेल तर सरळ निघा, वाट बघत बसू नका. माणूस गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तर ती छातीत न जाता बाहेर येते.

उलटी करवू नका. हे मी दर महिन्याला सांगतो आणि दर महिन्याला कोणीतरी मिठाचं पाणी पाजून आणतंच. मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, तूप, ताक, कच्चं अंडं, घशात बोट, सगळं बघितलंय. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम एवढं वाढू शकतं की फिट येते, आणि अर्धवट शुद्धीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. मूळ गोळीपेक्षा त्या न्यूमोनियाने आयसीयूत आठ दिवस जास्त काढलेले पेशंट मी बघितलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. घरातली सगळी रिकामी पाकिटं, अर्ध्या स्ट्रिपा, बाटल्या, आजोबांचा डबा, शेजारच्या काकूंनी दिलेलं पुडकं, सगळं एका पिशवीत भरा आणि बरोबर आणा. "बीपीची गोळी खाल्ली" एवढ्याने आमचं काही होत नाही, बीपीच्या गोळ्या पाच-सहा वेगळ्या घराण्यातल्या असतात आणि प्रत्येकाची ट्रीटमेंट वेगळी. स्ट्रिपच्या मागचं बारीक नाव हवं. कचऱ्याचा डबा उलथा करून बघा. आणि दोन गोष्टींची वेळ आठवून ठेवा, माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता आणि कोणाच्या कधी लक्षात आलं.

कॅज्युअल्टीतली पहिली दहा मिनिटं

नव्या आरएमओने इथे "काय खाल्लं?" या प्रश्नाने सुरुवात करायची नाही. आधी श्वास, मग नाडी आणि बीपी, मग शुगर. शुगर म्हणजे बोटाला टोचून, लगेच, लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता. बेशुद्ध माणसाची शुगर तपासायची राहिली आणि त्याला सीटी स्कॅनला पाठवलं, असं आजही होतं.

मग दोन चांगल्या जाड सुया, ईसीजी, अंगावरचे सगळे कपडे काढून ताप बघणं आणि पाठीवर, दंडावर, पोटावर हात फिरवून बघणं, कारण दुखण्याचे औषधी पॅच चिकटवलेले असतात आणि पेशंट बेशुद्ध असताना औषध आत जातच राहतं. डोळ्यांच्या बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि मिनिटाला सहा श्वास म्हणजे अफूच्या जातीचं औषध असणार. मोठ्या बाहुल्या, तापलेलं कोरडं अंग, फुगलेली लघवीची पिशवी आणि हवेत काहीतरी वेचत असलेले हात, हे चित्र वेगळं. घामाने निथळलेला, पाय थरथरणारा, घोट्याला झटका दिला की पाऊल हलायचं थांबतच नाही असा पेशंट असेल तर सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा विचार करा. लॅबच्या आधी ही चित्रं बोलतात.

आणि प्रत्येक मोठ्या पेशंटची पॅरासिटामॉलची चौकशी करायची, त्याने नाव घेतलं नसलं तरी. एकाच वेळी सर्दीची गोळी, दातदुखीची गोळी, अंगदुखीची गोळी, तिन्ही वेगळ्या नावाच्या, आणि तिन्हीत आत तेच.

नातेवाईकांनी इथे एकच माणूस पुढे ठेवा, बोलायला. घोळका नको. जो पेशंटबरोबर घरात राहतो तोच हवा, मुंबईहून फोनवर बोलणारा मेव्हणा नको. आणि खरं सांगा. "चुकून झालं" असं सांगून गोळ्यांची संख्या कमी करून सांगतात लोक, भीतीपोटी. पोलिसांचं पुढे लिहिलंय, त्याची भीती वाटत असेल तर तो भाग आधी वाचा.

पोट धुणं आणि काळी पावडर

पोट धुतलं की लोकांचं समाधान होतं, इलाज झाल्यासारखा वाटतो. खरं म्हणजे गोळ्यांच्या विषबाधेत पोट धुण्याची गरज क्वचितच पडते. तासाभराच्या आत पेशंट आला, जिवाला धोका असलेलं औषध आहे आणि श्वासाची नळी सुरक्षित आहे, तरच विचार करायचा. शिवाय आपल्याकडे ते नाकातून पोटात घालायच्या बारीक रायल्स ट्यूबने करतात, आणि त्या नळीच्या भोकातून अख्खी गोळी येणार कशी? गढूळ पाणी येतं, नातेवाईक म्हणतात "निघालं सगळं", आणि गोळ्या पुढे आतड्यात सरकलेल्या असतात.

ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे काळी कोळसा पावडर जास्त कामाची. मोठ्या माणसाला ५० ग्रॅम, लहान मुलाला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम, पाण्यात कालवून, शक्यतो पहिल्या तासात. काही औषधं सावकाश विरघळणारी असतात किंवा आतडं मंदावतात, तिथे उशिरा दिली तरी उपयोग होतो. पेशंट पूर्ण शुद्धीत असेल आणि स्वतः पीत असेल तरच तोंडाने, गुंगीत असलेल्याला जबरदस्तीने कधीच नाही, कोळसा फुप्फुसात गेला की फार वाईट हाल होतात. लोह, लिथियम आणि ॲसिड-अल्कली यांना कोळसा पकडत नाही. बाळंतपणाच्या लाल लोहाच्या गोळ्या लहान पोरांनी चॉकलेट समजून खाल्लेल्या असतात, तिथे कोळसा देण्यात वेळ घालवू नका, पोटाचा एक्सरे काढा, गोळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसू शकतात. दिसल्या तर नळीतून आतडं धुणारं द्रावण देतात, आणि गंभीर असेल तर डेस्फेरिऑक्झामिनची ड्रिप, तासाला किलोमागे १५ मिग्रॅ.

कोळशाची सूचना सिस्टरना आधी द्या हो, त्यांचा पांढरा कोट आणि भिंत दोन्ही खराब होतात आणि शिव्या नंतर आपण खातो.

श्वासाची नळी घालायची का

कोमा स्कोअर, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे याचे गुण, ८ च्या खाली गेला की नळी घाला, हे आम्हाला अपघातातल्या डोक्याच्या माराच्या पेशंटवरून शिकवलं गेलं. गोळ्यांच्या गुंगीला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. फ्रान्समध्ये २२५ बेशुद्ध विषबाधा पेशंटवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये छापून आली, त्यात लगेच नळी न घालता बारीक लक्ष ठेवलेल्या गटाचं बरंच बरं चाललं, आयसीयूतले दिवसही कमी. पण त्यात लक्ष ठेवायला माणसं होती. तुमच्याकडे आठ पेशंटमागे एक सिस्टर असेल, पेशंट उलट्या करतोय, बीपी पडतंय, फिट येतेय किंवा त्याला तीन तासांच्या रस्त्याने दुसऱ्या गावी न्यायचंय, तर नळी घालूनच न्या. ॲम्ब्युलन्समध्ये, गतिरोधकावर, मोबाईलच्या टॉर्चमध्ये नळी घालायची वेळ माझ्यावर एकदा आलीय. परत नको.

ईसीजीची पट्टी

विषबाधेत ईसीजी एकदा काढून फाईलला लावायचा नसतो, पुन्हा पुन्हा काढायचा असतो. मधला उंच भाग, ज्याला क्यूआरएस म्हणतात, तो कागदावरच्या अडीच बारीक चौकोनांपेक्षा म्हणजे १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद झाला तर जुन्या पिढीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांचा आणि तशाच सोडियम अडवणाऱ्या औषधांचा विचार करायचा. १०० च्या वर फिट यायची भीती, १६० च्या वर हृदयाचे ठोके बिघडायची. इथे सोडाबायकार्ब हेच औषध, किलोमागे १ ते २ मिलीइक्विव्हॅलंट. आपल्याकडे मिळणाऱ्या साडेसात टक्क्यांच्या द्रावणात १ मिलीत साधारण ०.९ असतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २५ मिलीच्या तीन ते पाच अँप्युल एका दमात लागू शकतात. एक अँप्युल सलाईनमध्ये टाकून थेंब-थेंब सोडलं तर काही होत नाही. देता देता पट्टी बघत राहा, रुंदी डोळ्यांसमोर आत येताना दिसते, या धंद्यात इतकं लगेच फळ देणारं दुसरं फारसं काही नाही. पोटॅशियम मात्र त्याने घसरतं, ते बघा. आणि फिट आली तर फेनिटॉइन नको, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम द्या.

जिथे उतारा खरंच आहे

पॅरासिटामॉलला ॲसिटिलसिस्टीन. यातला घोळ असा की पहिल्या दिवशी पेशंट चहा पितो, बोलतो, घरी सोडा म्हणून भांडतो, लिव्हरचे रिपोर्टही चांगले असतात, आणि नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागतं. म्हणून "बरा दिसतोय" म्हणून सोडायचं नाही. पहिल्या ८ तासांत उतारा सुरू झाला तर लिव्हर बहुतेक वाचतं. चार तासांनी रक्तातली पातळी मोजून आलेखावर बघायची असं पुस्तकात आहे, पण गावात ती तपासणी पुण्या-मुंबईला जाऊन परवा येते, तेव्हा वाट बघू नका, सुरू करा. किलोमागे १५० मिग्रॅ एका तासात, मग ५० चार तासांत, मग १०० सोळा तासांत. पहिल्या बाटलीत अंगाला खाज, लाली, धाप येऊ शकते. ती खरी ॲलर्जी समजून औषध कायमचं बंद करतात, ते चूक. थांबवा, खाजेचं इंजेक्शन द्या, सावकाश पुन्हा सुरू करा.

अफूच्या जातीच्या औषधांना नॅलोक्झोन, पण पेशंटला उठवून बसवायला नाही, श्वास चालण्यापुरतंच, थोडं थोडं. आणि त्याचा असर गोळीच्या आधी संपतो. तासाभराने पेशंट परत झोपतो, आणि तोपर्यंत त्याला वॉर्डात हलवलेलं असतं.

झोपेच्या गोळ्यांचा उतारा फ्लुमॅझेनिल. तो असतो कपाटात, आणि बहुतेक वेळा कपाटातच राहू द्यावा. मिश्र गोळ्या घेतलेल्या असतील किंवा पेशंट वर्षानुवर्षं ती गोळी खात असेल तर फिट येते.

टीबीच्या आयएनएच (आयसोनियाझिड) या गोळीने आलेली फिट नेहमीच्या औषधाने नीट थांबत नाही, तिला बी-सिक्स म्हणजे पायरिडॉक्सिन लागतं, आयएनएच जितके ग्रॅम पोटात गेलं तितकेच ग्रॅम, माहीत नसेल तर ५ ग्रॅम. इंजेक्शन रात्री कुठून आणणार? १०० मिग्रॅची गोळी मिळाली तरी ५० कुटून नळीतून द्याव्या लागतात. एकदा दोन वॉर्डबॉय मामा आणि एक सिस्टर खलबत्ता घेऊन कुटत बसले होते, बाहेर नातेवाईकांना वाटलं आत चटणी वाटतायत.

शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घरात लहान मूल असेल तर फार वाईट. मूल खेळत येतं, शुगर ९०, आई म्हणते नेऊ का घरी. नाही न्यायचं. दिवसभर, रात्रभर शुगर बघायची, कारण पहाटे ती ३० पर्यंत उतरू शकते. ग्लुकोज दिलं की वर, परत खाली, असं झालं तर ऑक्ट्रिओटाइड, मोठ्यांना ५० मायक्रोग्रॅम दर ६ तासांनी कातडीखाली.

कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनचा पेशंट निळा पडतो. ऑक्सिजन लावलं, वाढवलं, तरी बोटावरचं मशीन ८५ ला अडकून बसतं आणि सिरिंजमध्ये येणारं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी. त्याला मिथिलीन ब्लू, किलोमागे १ ते २ मिग्रॅ सावकाश, रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता नसेल तर. नातेवाईकांना आधी सांगून ठेवा की लघवी हिरवी-निळी होणार, नाहीतर पिशवी बघून आरडाओरडा होतो.

आणि मिथोट्रेक्झेट. सांधेदुखीला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कोणीतरी रोज घेतो, कारण मेडिकलमधल्या पोराने पाकिटावर एक-शून्य-शून्य, म्हणजे रोज सकाळी एक, असं लिहून दिलेलं असतं. दहा दिवसांनी तोंड आतून सोललेलं, पाणी गिळवत नाही, पांढऱ्या पेशी तळाला. याचा उतारा फोलिनिक ॲसिड, फॉलिक नव्हे. एका अक्षराचा फरक आणि रात्री हमखास चुकीचं आणलं जातं, म्हणून चिठ्ठीवर ल्युकोव्होरिन असं लिहा.

अडलं तर दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास. फोन करायला लाजू नका.

बीपीची गोळी आणि इन्सुलिनची रात्र

हा भाग जरा लांबवतो, कारण यात घाबरगुंडी सगळ्यात जास्त उडते.

पन्नाशीतले एक गृहस्थ संध्याकाळी चालत आले. ॲम्लोडिपिन, कॅल्शियम अडवणारी बीपीची गोळी. बीपी ८० वर ४०, पण बोलणं स्वच्छ, "मला काही होत नाहीये हो, ही घाबरलीय उगाच." या जातीच्या औषधात बीपी पडलेलं असलं तरी माणूस बराच वेळ शुद्धीत राहू शकतो, त्यावर जाऊ नका. मधुमेह नव्हता आणि शुगर ३१० आली. ती शुगर हीच खूण, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायचं थांबलेलं असतं आणि हृदयाला साखर वापरता येत नाही. बीटा ब्लॉकर या बीपीच्या दुसऱ्या घराण्यातल्या गोळ्यांमध्ये शुगर साधारण नॉर्मल किंवा कमी असते, हा फरक लक्षात ठेवा.

आधी सलाईन, पण बादलीभर नाही, या पेशंटची फुप्फुसं लवकर भरतात. मग कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं, ३० ते ६० मिली दहा-वीस मिनिटांत, नुसतं एक १० मिलीचं अँप्युल नव्हे. मानेत सेंट्रल लाईन, मनगटात बीपीची आर्टेरियल लाईन. नॉरॲड्रेनॅलिन सुरू, ॲम्लोडिपिनमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून ते आधीच लावायचं. तरी बीपी उचलेना, इको केला तर हृदयही मंदावलेलं, तेव्हा इन्सुलिन हाती घेतलं.

डोस किलोमागे १ युनिट एकदम, मग किलोमागे १ युनिट दर तासाला, आणि गरज पडली तर १० पर्यंत चढवत जायचं. पेशंट ७० किलोचा. मी म्हटलं, "सिस्टर, ७० युनिट पर अवर." सिस्टरनी पंपाकडे हात नेला आणि थांबल्या. "सर, सात ना?" म्हटलं सत्तर. त्यांनी मला ऑर्डर पुन्हा लिहायला लावली, अक्षरात, सहीसकट. पाच मिनिटांत खालून मेडिकलवाल्याचा फोन, एवढ्या बाटल्या कशाला हव्यात. दोघांचंही बरोबर होतं, असं विचारणारी माणसं असावीत आयसीयूत. आपल्या बाटलीत १ मिलीत ४० युनिट, १० मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट, सहा तासही पुरत नाही. रात्रीचा साठा आधीच मागवा.

बरोबर साखर द्यावीच लागते, सुरुवातीला किलोमागे तासाला अर्धा ग्रॅम धरा, म्हणजे यांना ३५ ग्रॅम. १० टक्के डेक्स्ट्रोजने द्यायची तर तासाला ३५० मिली पाणी जातं आणि पहाटेपर्यंत पेशंट बुडतो. ५० टक्क्यांचं सेंट्रल लाईनमधून दिलं तर ७० मिलीत भागतं. शुगर आधी दर १५ मिनिटांनी, बसली की अर्ध्या तासाने. पोटॅशियम तासाला. ते थोडं खाली जाणारच, ३ च्या आसपास धरून ठेवायचं, नॉर्मल करायच्या मागे लागायचं नाही.

आणि मग वाट बघायची. इन्सुलिनचा असर यायला अर्धा ते एक तास लागतो, त्या तासात हात शिवशिवतात, काहीतरी आणखी टाकावंसं वाटतं. मुलगा दर वीस मिनिटांनी दारातून विचारायचा, "वाढलं का?" साडेतीनला सरासरी बीपी ६५ वर टेकलं, पाचला लघवीच्या पिशवीत ४० मिली दिसली. एवढीच बातमी. मी बाहेर जाऊन म्हटलं "लघवी झाली" आणि त्या पोराला कळेना यात आनंद कसला. किडनीला रक्त पोचतंय याचा, बाबा. इन्सुलिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबलं, पण साखर त्यानंतरही पुढचा जवळजवळ दिवसभर चालू ठेवावी लागली, इन्सुलिन अंगात साठलेलं असतं.

एवढं करूनही बीपी टिकत नसेल तर एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं मशीन, जे मोठ्या शहरांत थोड्याच ठिकाणी आहे. तो फोन पेशंट हलवण्याजोगा असताना करायचा, शेवटच्या घटकेला करून काही उपयोग नाही.

डायलिसिसने निघतं का

काही औषधं निघतात, बरीच निघत नाहीत. लिथियम निघतं. मेटफॉर्मिनमुळे रक्त आंबट झालं असेल तर डायलिसिस खूप मदत करतं. व्हॅल्प्रोएट जास्त पातळीला निघतं. ॲम्लोडिपिन, डिगॉक्सिन, जुन्या डिप्रेशनच्या गोळ्या निघत नाहीत, तिथे "डायलिसिस का नाही करत" म्हणून डॉक्टरशी भांडू नका.

एक मात्र आवर्जून सांगतो. किडनीच्या पेशंटला उचकी लागली म्हणून कोणीतरी बॅक्लोफेन देतं, नेहमीचाच डोस, चूक अशी कोणाचीच दिसत नाही. किडनी ते बाहेर टाकत नाही. दोन दिवसांत माणूस गाढ बेशुद्ध, हाक नाही, चिमटा नाही, खूप साठलं तर बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, आणि घरच्यांना सांगितलं जातं की मेंदू गेला. सीटी नॉर्मल असतो. अशा माणसाला डायलिसिसवर घेतलं की एक-दोन दिवसांत तो डोळे उघडून पाणी मागतो. म्हणून विषबाधेचा संशय असताना मेंदू गेल्याचा शिक्का घाईने मारायचा नाही, औषध उतरू द्यायचं.

दुसरा, तिसरा दिवस

आता डॉक्टर कमी दिसतात आणि सिस्टर जास्त. दर दोन तासांनी कूस बदलणं, डोळे उघडे राहत असतील तर मलम लावून पापण्या चिकटवणं, तोंड पुसणं, कफ ओढणं. पेशंट घरी बरेच तास एकाच कुशीवर पडून राहिला असेल तर दबलेल्या दंडाचा, मांडीचा स्नायू विरघळतो, रक्तातलं सीपीके (स्नायू फुटल्याची खूण) वाढतं, लघवी कोऱ्या चहासारखी येते आणि किडनी अडचणीत येते. तो हात सुजून दगडासारखा झालाय का हे रोज दाबून बघा. ताप आला तर न्यूमोनिया शोधा. उठताना काही पेशंट आरडाओरडा करतात, नळ्या ओढतात, कोणालाही ओळखत नाहीत. हे वेड लागलेलं नसतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. घरच्यांपैकी एकाने आत येऊन नेहमीच्या आवाजात, घरच्या नावाने हाक मारत बसलं तर इंजेक्शनाइतका फरक पडतो.

पोलिस

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, होणारच, तो नियम आहे. त्यासाठी इलाज थांबवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय, आधी उपचार मग कागद. आणि स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. तेव्हा जबाब होतो, घाबरू नका, पण गोळीचं नाव लपवू नका. खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, महात्मा फुले योजनेत बसतंय का विचारा, चौथ्या दिवशी नको.

शुद्धीवर आल्यावर

पहिल्या भेटीत "का केलंस असं?" विचारू नका. "आमचा विचार नाही केलास?" तर मुळीच नाही. घशातली नळी आत्ताच निघालेली असते, आवाज बसलेला असतो, "पाणी देऊ का" एवढं पुरतं. चुकून झालेलं असो की मुद्दाम, डिस्चार्जच्या आधी मानसोपचार तज्ज्ञ बघून गेल्याशिवाय कागदावर सही करू नका, मुद्दाम घेतलेल्यांत घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. तेवढे दिवस घरातल्या गोळ्या कुलपात, किल्ली एकाकडे, आणि मेडिकलमधून एका वेळी आठवड्याचीच औषधं.

आणि ती पिशवी. पहिल्या रात्री आणलेली, स्ट्रिपांची. जाताना नातेवाईक ती परत मागतात, "अजून चालतील त्या, आजोबांच्या आहेत." एमएलसीत जमा झाली नसेल तर आमच्या सिस्टर ती उघडून बसतात, कोणत्या कोणाच्या विचारतात, जुन्या-बिननावाच्या बाजूला काढून टाकतात, आणि मिथोट्रेक्झेटची स्ट्रिप असेल तर काळ्या मार्करने त्यावर ठळक लिहून देतात, "फक्त सोमवारी".